कर्णिक बाईंचं शून्य

शाळेत रुजू झाले त्या पहिल्याच दिवशी कर्णिक बाईंनी मला सांगितलं, की माझ्या आईवडिलांनी माझं नाव चुकीचं ठेवलंय.

"शीतल?" त्यांनी चष्म्याच्या वरून मला न्याहाळलं. मी नुकतीच रिक्षावाल्याशी भांडून आले होते. अंजूरहून भिवंडीला येताना तो मागच्या सीटवर चौथं माणूस कोंबायला बघत होता आणि मी त्याला कोंबू देत नव्हते. त्यामुळे उशीर झालेला, घामाने जीव गेलेला आणि राग नाकाच्या शेंड्यावर. "शीतल मला पटत नाही. गाव कुठलं तुझं?"

"अंजूर."

"मग अंजूरच बरं."

झालं. तेव्हापासून शिपायापासून मुख्याध्यापिकांपर्यंत सगळे मला अंजूर म्हणायला लागले. पोरं अंजूर मॅडम म्हणतात. एका सहकाऱ्याने घरच्या लग्नाची पत्रिका दिली, तिच्यावर 'सौ. अंजूर म्हात्रे' असं लिहिलेलं होतं. नवऱ्याने पत्रिका हातात घेऊन विचारलं, "ही कोण?" आता बोला!

'मला पटत नाही' हे बाईंचं पेटंट वाक्य. सकाळी शिपायाने आणलेल्या चहापासून ते संध्याकाळी पालिकेने खणून ठेवलेल्या रस्त्यापर्यंत कशालाही ते लागू पडायचं. भाजीवालीने मेथी स्वस्त सांगितली तरी पटायचं नाही. "एवढी स्वस्त का? कालची आहे का?" म्हणून त्या तिच्याशी भांडायच्या आणि ती बिचारी मेथी ताजी असल्याच्या आणाभाका घ्यायची. डॉक्टरांनी मीठ कमी करा सांगितलं, तर तिथेही बाईंनी असा काही वाद घातला, की शेवटी डॉक्टरांनी स्वतःचंच बीपी तपासून घेतलं. हे भोईर सर सांगतात. भोईर सरांचं निम्मं सोडून द्यायचं असतं, पण हे मला खरं वाटतं.

बाई बुटक्या, गोऱ्या, कडक इस्त्रीची सुती साडी आणि खांद्याला एक भलीमोठी काळी पर्स. घराणं पिढ्यान् पिढ्या भिवंडीतलं. सासरे शिक्षक, नवरा पालिकेत हेडक्लार्क. नवरा गेल्यावर बाई शहरातच टेमघरला एकट्याच राहायच्या. डब्यात सोड्याची, म्हणजे सुक्या कोलंबीची, खिचडी आणली, की आम्हा सगळ्यांना वाढायच्या, आणि कोणी "बटाटा घातला असता तर" म्हणालं, की त्याचा चमचा काढून घ्यायच्या. गंमत म्हणून नाही हो. खरंच काढून घ्यायच्या.

शाळेच्या मागच्या भिंतीला लागूनच एक लूमचा, म्हणजे यंत्रमागांचा, कारखाना आहे. दिवसभर खटखट, खटखट. नवीन माणसाचं डोकं उठतं. जुन्यांना ती थांबली, की चुकल्यासारखं होतं. बाई भरात असताना एकदा कवितेच्या तासाला तडक कारखान्यात गेल्या. मालकांना सगळे चाचा म्हणत. बाईंचं हिंदी म्हणजे मराठीलाच हिंदीचा मुलामा.

"चाचा, मेरा कविता का तास है. थोडा वेळ बंद करो."

"मॅडम, लूम बंद तो कारीगर का चूल्हा बंद."

"तो कविता बंद करूँ मैं?"

"कविता थोडा ऊँचा पढो ना, मॅडम. हम भी सुनेंगे."

दुसरं कोणी असतं तर तणतणत परत आलं असतं. बाईंनी ते आव्हान मानलं आणि त्या दिवसापासून आवाज चढवला तो कायमचा. पुढे कधीतरी त्यांचा घसा बसला आणि त्या आठवडाभर खुणांनी शिकवत होत्या. तर कारखान्यातला एक कारीगर मागच्या खिडकीशी येऊन उभा. हातात ज्येष्ठमधाची पुडी. "मॅडम, आवाज नहीं आया, तबियत ठीक है ना? चाचा पूछ रहे." बाईंनी पुडी घेतली, माझ्याकडे वळून घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, "बघ. ऐकत होते की नाही?"

आता भोईर सर. नववी 'अ'ला बाई मराठी शिकवायच्या, नववी 'ब'ला भोईर सर. सर कोन गावचे. उंच, काळेसावळे, मिशीवाले, आवाज असा, की बाजारात हाक मारली तर दहा माणसं वळून बघतील. वर्गात शुद्ध बोलायचे. राग आला, की थेट गावच्या बोलीत उतरायचे, त्यामुळे त्यांना राग आलाय हे वेगळं सांगावं लागायचं नाही. ते स्कूटरवरून कोनहून निघायचे आणि टेमघर नाक्यावर बाईंना मागे घ्यायचे. हा नेम मी शाळेत यायच्या कितीतरी आधीपासूनचा. बाई मागे एका बाजूला पाय सोडून बसायच्या, मांडीवर पर्स, आणि दोघं भांडत यायचे. स्कूटरच्या आवाजावरून ओरडून भांडायचे. शाळेच्या वळणावर आलेत हे आम्हाला स्टाफरूममध्ये बसून कळायचं. जवळ्यात कैरी घालावी की कोकम, नाक्यावरचा सिग्नल कोणाच्या डोक्यातून निघाला, अनुस्वार जोरात म्हणावा की हळू, विषय काहीही चाले. पण स्कूटरवरून उतरताना सर हात पुढे करायचे आणि बाई तो धरूनच उतरायच्या. एवढ्यापुरतं दोघांचं एकमत होतं.

आणि मग ती कथा आली.

नववीच्या पुस्तकातला धडा. जुनी, नावाजलेली गोष्ट, आमच्या आईवडिलांनीही शाळेत शिकलेली. खाडीवर होडी चालवणारे दोन भाऊ. होडी एक, वल्ही दोन, प्रत्येकाच्या हातात एकेक. पलीकडच्या गावी लग्नाचं वऱ्हाड न्यायचंय. थोरला म्हणतो, ओहोटी लागायच्या आत निघू. धाकटा म्हणतो, वारा पडू दे, मग निघू. दोघंही हट्टाला पेटतात. थोरला एकटाच वल्हवायला लागतो, तर होडी जागच्या जागी गोल फिरते. असं करता करता पाणी उतरतं, होडी चिखलात रुतते, मुहूर्त टळतो. शेवटी धाकटा काही न बोलता आपलं वल्हं थोरल्याच्या हातात देतो. गोष्ट संपली.

वार्षिक परीक्षेत प्रश्न आला, 'दोन भावांपैकी कोणाचं वागणं तुम्हाला पटतं? का ते लिहा.' गुण पाच.

भोईर सरांचं मत, धाकटा मोठ्या मनाचा. त्याने माघार घेतली, घर वाचलं. बाईंचं मत, थोरला पहिल्यापासून बरोबर होता. पाणी गेल्यावर वल्हं देऊन काय उपयोग? ह्यावर स्कूटरवर भरपूर ओरडाआरडा झालेला होता, तो ठीकच. पण आमच्या शाळेत 'अ'चे पेपर 'ब'चा शिक्षक तपासतो आणि 'ब'चे 'अ'चा. आणि सरांनी 'ब'मध्ये ह्या प्रश्नाचं उत्तर फळ्यावर लिहून पाठ करून घेतलं होतं.

बाईंनी 'ब'चा गठ्ठा तपासायला घेतला. पहिल्या पेपरात, 'धाकट्याच्या मनाचा मोठेपणा ह्यातून प्रकर्षाने जाणवतो.' दुसऱ्यातही प्रकर्षाने जाणवतो. तिसऱ्यातही. गठ्ठा संपेपर्यंत सगळ्यांनाच प्रकर्षाने जाणवत होतं. ज्या पोरांच्या घरी तेलुगू बोलतात, हिंदी बोलतात, पाड्यावरची बोली बोलतात, त्या सगळ्यांना अगदी एकाच शब्दात. बाईंनी सगळ्या वर्गाला त्या प्रश्नात शून्य दिलं.

सर आले ते बोलीतच. "बाई, हे काय केला तुमी?"

"मी ह्या मुलांचं मत विचारलं होतं. हे भोईर सरांचं मत आहे. भोईर सर परीक्षेला बसले नव्हते."

"ही पोरा घरी मराठी बोलत न्हाईत! पाठ केला तं निदान कायतरी लिवतात!"

"पाठ करून किती दिवस लिहिणार? उद्या कोणी काही विचारलं तर तुम्ही जाणार आहात का मागून सांगायला?"

"अवो, तुमच्या तत्त्वापायी वनिता नापास झाली ना!"



वनिता 'ब'मधली. डोंगराखालच्या पाड्यावरची, शहरात मुलींच्या वसतिगृहात राहून शिकणारी. घरचे थोडी शेती करायचे आणि बाकी मजुरी. पोर हुशार होती का? सांगता येत नाही, कारण ती बोलायचीच नाही. काही विचारलं, की पायाच्या अंगठ्याकडे बघायची. गणितात मी तिला ग्रेस लावून काठावर पास केलं होतं, त्यात तिची सगळी ग्रेस संपलेली. आणि मराठीत त्या शून्याने ती थोडक्यात खाली गेली. बाकीची पोरं शून्य पचवून पास झाली, ही एकटी बुडाली. तिच्या बापाने आधीच सांगून ठेवलं होतं, नापास झाली तर घरी आणणार, मजुरीला दोन हात होतील.

मुख्याध्यापिका म्हणाल्या, "बाई, पाचातले दोन द्या. कोणाला कळणार आहे?"

"मला कळेल," बाई म्हणाल्या.

सर उठले, खुर्ची जोरात मागे सारली आणि म्हणाले, "आजपासून माझा बाईंशी संबंध न्हाय."

अशा रीतीने अबोला सुरू झाला. खरं सांगते, मला बाईंचा तेव्हा भयंकर राग आला होता. मेलं ते तत्त्व, पोरीचं शिक्षण जातंय आणि ह्यांना मतं हवीत! मी हे बाईंना तोंडावर बोलूनही दाखवलं. त्या एवढंच म्हणाल्या, "अंजूर, शून्य मी दिलंय ना? मग पास पण मीच करणार. जूनमध्ये फेरपरीक्षा आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खिडकीतून बघते, तर सरांची स्कूटर येतेय आणि मागे पर्स मांडीवर घेऊन कर्णिक बाई! मला वाटलं, मिटलं. कसलं मिटतंय? बाई खाली उतरल्या, हात धरूनच उतरल्या, आणि एका दिशेला. सर दुसऱ्या दिशेला. मी बाईंना गाठून विचारलं तर म्हणतात कशा, "अबोला माणसाशी आहे. स्कूटरशी नाही."

भिवंडीच्या रस्त्यावर मुकाट्याने स्कूटर चालवणं म्हणजे मागच्या माणसाच्या मणक्यांचा खेळ. खड्डा आला, की पुढच्याने 'धरा' म्हणायलाच पाहिजे. पण म्हणायचं कसं? मग सर स्कूटरशी बोलायला लागले. "अगं बये, खड्डा हाय पुढं, घट्ट बस." की बाई घट्ट बसायच्या. बाई पर्सशी बोलायच्या. "पर्स गं, काही लोक ब्रेक उशिरा दाबतात." की सर वेग कमी करायचे. नाक्यावरचा ट्रॅफिक हवालदार म्हणे रोज ह्या दोघांसाठी मुद्दाम सिग्नल लाल ठेवायचा, ऐकायला. हेही सरांचंच. निम्मं सोडा.

स्टाफच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सर सकाळी गुलाबाचं फूल टाकायचे. बाई सगळ्यांच्या फुलांना नमस्कार करायच्या, सरांचं फूल ओलांडून. आणि मधल्यामध्ये माझा जीव जायचा. "अंजूर, सांग त्यांना, उत्तरपत्रिका कपाटात ठेवल्यात." "अंजूर, त्यांना इचार, कपाटाची चावी कुठं हाय." दोघंही माझ्यापासून हाताच्या अंतरावर! मी एकदा चिडून म्हटलं, मी गणिताची शिक्षिका आहे, पोस्टमन नाही. तर दोघं एकदमच म्हणाले, "सांग त्यांना." मग दोघंही ओशाळून आपापल्या चहात बघायला लागले.

मे महिना लागला. वसतिगृह बंद, वनिता पाड्यावर गेली. सरांनी मला बोलावलं. "बाईंना सांग, मी उद्या पाड्यावर जातो, तिच्या बापाशी बोलाया. गाडीवर जागा हाय."

बाई शेजारीच बसल्या होत्या. "सांग त्यांना, मी नाक्यावर उभी असेन."

तर अशी ती यात्रा सुरू झाली. त्या उन्हात, एक दिवसाआड, सर आणि बाई एका स्कूटरवर, अबोल्यासकट, पाड्यावर जायला लागले. सरांनी बापाची समजूत काढली, म्हणजे बापाने एवढंच कबूल केलं, की जूनची परीक्षा द्यायला पाठवतो, पास झाली तर शाळा, नाही तर नाही. सर त्याच्याबरोबर कुंपणाच्या काट्या रोवायला लागले आणि बाई आंब्याखाली वनिताला घेऊन बसल्या. थोड्या दिवसांनी बाईंनी मलाही ओढलं. "गणितात ग्रेस दिलीस ना? मग नुसती ग्रेस देऊन मोकळी होऊ नकोस. चल." मी माझी स्कूटी काढली.

आमच्या दोघींच्या तासात फरक असा, की मी वनिताला गणित घातलं, की ती सोडवायची, चुकायची, पुन्हा सोडवायची. बाईंच्या तासाला नुसती शांतता. व्याकरण यायचं, निबंध यायचा. पण त्या धड्यावर गाडी आली, की अडली.

"वनिता, तुला कोण पटतो? थोरला की धाकटा?"

वनिता खाली बघून म्हणायची, "धाकट्याच्या मनाचा मोठेपणा ह्यातून प्रकर्षाने जाणवतो."

"हे सरांचं. तुझं सांग."

मग पुढच्या वेळी वनिताने हुशारी केली. "थोरला बरोबर होता. पाणी गेल्यावर वल्हं देऊन काय उपयोग?"

"हे माझं आहे, बये. तुझं?"

अंगठा. मातीत रेघ. काही नाही. मला तर वाटायला लागलं होतं, की सोडा आता, पोरीला छळू नका. नसतं एखाद्याला मत! बाई मात्र हटेनात. परीक्षा तोंडावर आली तरी तेच. "तुझं काय? तुझं काय?"

त्या दिवशी ऊन फार होतं. सर दगडावर बसून पाणी पीत होते. बाईंनी पुन्हा विचारलं. वनिता गप्प. बाई म्हणाल्या, "अगं, तोंड आहे ना तुला? बोलत का नाहीस?"

आणि वनिताने पुस्तक खाली आपटलं.

"मी का बोलू? तुमी दोघा बोलता का?" तिचा आवाज इतका मोठा असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. "एका गाडीवर येता, एका गाडीवर जाता, अन् एकमेकांशी बोलत न्हाय! अन् मनाच इचारता, तू का बोलत न्हाय, तू का बोलत न्हाय!"

तिची आई झोपडीच्या दारात येऊन उभी राहिली. सरांच्या हातातला तांब्या तसाच राहिला. वनिता आता थांबणार नव्हती.

"मना कोनच न्हाय पटत. थोरला न्हाय, धाकटा न्हाय. ती दोघा भांडली तं भांडली. पण होडीत वऱ्हाड होता ना? एवढी मानसा! ती काय मुकी होती? उठायचा, अन् दोघांच्या हातातनं वल्ही काढून घ्यायची. नवरीने घ्यायची. तिचाच लगीन होता ना!"

मग एकदम तिला आपण काय केलं ते कळलं आणि तिने पदर नसलेल्या खांद्यावर हात नेला, फ्रॉकच्या बाहीने डोळे पुसले.

  बाईंनी चष्मा काढला. मी बघितलं, त्यांचे डोळे भरले होते. मग मागे वळून, सरळ सरांकडे बघून, नेहमीच्या त्या लूमवरून ऐकू जाणाऱ्या आवाजात म्हणाल्या, "भोईर, ऐकलंत का?"

सर उठून उभे राहिले. "ऐकला बाई," ते म्हणाले. "ऐकला."

"हेच लिही," बाई वनिताला म्हणाल्या. "एक शब्द बदलायचा नाही. फक्त 'पटत न्हाय'चं 'पटत नाही' कर, नाहीतर मीच मार्क कापीन."

परतताना मी स्कूटीवरून त्यांच्या मागे होते. पाड्याचा रस्ता संपायच्या आत समोरून आवाज यायला लागले. अबोला आधी कोणी मोडला, ह्यावरून भांडण! बाईंचं म्हणणं, "मी तुम्हाला विचारलं नाही. तिथे होते त्या सगळ्यांना विचारलं." सरांचं म्हणणं, "सगळ्यांत भोईर मी एकटाच हाय!" त्या भांडणात सर खड्डा सांगायला विसरले आणि बाई अशा उडाल्या, की पर्स माझ्या पुढ्यात येऊन पडली.

फेरपरीक्षेत तोच धडा, प्रश्न थोडा फिरवून आला. वनिता पास झाली. त्या प्रश्नात बाईंनी तिला पाचात चार दिले. सर पेपर नाचवत आले, "पाचवा कुठं गेला?" बाई म्हणाल्या, "वल्ही काढून घेतल्यावर पुढे होडी कोणी चालवली, ते लिहिलं नाही." सरांनी कपाळावर हात मारला.

वनिता दहावीत आली. बोलायला लागली. बाप म्हणायचा, घरी पण वाद घालते आता, काय शिकवलंत? वर्गात ती हात वर करायची, आणि विचारलं नसलं तरी करायची. मी शिकवलेल्या रीतीपेक्षा दुसऱ्या रीतीने गणित सोडवायची आणि वर मलाच विचारायची, हे का चालत नाही? खरं सांगते, तिने मला दोनदा वैताग आणला आणि एकदा माझी चूक पकडली.

त्याच वर्षी बाई निवृत्त झाल्या. निरोप समारंभात भाषण करायचं तर त्यांनी आपल्याविषयी बोललेल्या प्रत्येकाचं म्हणणं दुरुस्त केलं. पुढे गुडघे बोलायला लागले, टेमघरच्या घराचे जिने चढवेनात, तेव्हा त्या मुरुडला बहिणीकडे कायमच्या राहायला निघाल्या. दहावीचा निकाल तोवर लागला होता. वनिता चांगल्या गुणांनी पास झाली होती.

एसटी स्टँडवर बाईंना पोचवायला आम्ही तिघं गेलो होतो. सर, मी आणि वनिता. सरांनी बाईंना हात देऊन गाडीत चढवलं, सामान वर लावलं आणि "पाणी आणतो" म्हणून निघून गेले ते परत खिडकीपाशी आलेच नाहीत. लांब खांबाआड उभे होते. मी बघितलं आणि बघितलं नाही असं केलं.

बाई खिडकीत. वनिता खाली. बाईंनी ठरवून टाकलं होतं, की वनिताने कॉलेजात जायचं, मराठी घ्यायचं, बीए करायचं. वनिता आयटीआयला इलेक्ट्रिशियनचा अर्ज भरून आली होती.

"अगं, वायरी जोडत फिरणार का तू?" बाई खिडकीतून म्हणत होत्या. "तुझी भाषा बघ, तुझे निबंध बघ! माझं ऐक."

"ऐकलं बाई. सगळं ऐकलं. पण पाड्यावर अर्ध्या घरांत लाइट हाय अन् अर्ध्या घरांत तारा लोंबतात. दुरुस्त करायला माणूस भिवंडीतनं येतो, तो पण आला तर."

"मग ते कोणीतरी करेल! तूच कशाला?"

"मग मीच का नको?"

 बाईंनी इकडेतिकडे बघितलं, जणू मुद्दा कुठेतरी सामानात ठेवलाय आणि सापडत नाही. "कॉलेजचा फॉर्म अजून दोन दिवस मिळतोय," असं काहीतरी पुटपुटल्या.

"न्हाय भरणार," वनिता म्हणाली. तिची मान ताठ होती.

कंडक्टरने घंटी दिली. बाई माझ्याकडे वळल्या. गालावरून पाणी वाहत होतं आणि त्या पुसतही नव्हत्या. "बघितलंस, अंजूर? काय हट्टी कार्टी आहे! अजिबात ऐकत नाही माझं." आणि हसल्या. इतक्या वर्षांत मी बाईंना इतकं खूश कधी बघितलं नव्हतं.

गाडी हलली. वनिता खिडकीबरोबर चालायला लागली, मग पळायला. बाईंनी अर्धं अंग बाहेर काढलं. कंडक्टर आतून ओरडत होता, मावशी, हात आत घ्या. बाई त्याचं ऐकतील तर शपथ.

"चुकलीस तर सांगायला ये!" त्या ओरडल्या. गाडी स्टँडच्या फाटकातून बाहेर वळत होती. "नाही चुकलीस तरी ये! भांडायला ये!"